रवाळ

वाईला आमच्या घरी लोणी कढवायचं असलं की आजी स्वयंपाकघरात कुणाला लुडबुड करू देत नसे. जर्मनचं जाड बुडाचं पातेलं, मंद आच, बेरी तांबूस व्हायला लागली की वरून विड्याचं पान, आणि मग पातेलं उतरवून ओट्याच्या कोपऱ्यात. त्यानंतर त्याला हात लावायचा नाही. हलवायचं नाही, गार पाण्याच्या परातीत बसवायचं नाही, घाईघाईने बरणीत ओतायचं नाही. “त्याचं त्याला निवू दे,” एवढंच ती म्हणायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तूप रवाळ झालेलं असायचं. जोंधळ्याच्या कण्यांएवढे दाणे, बोटांत धरले की हळूच विरघळणारे.

एकदा मी शहाणपणा केला. लवकर थिजावं म्हणून वाटीभर गरम तूप थेट फ्रीजमध्ये ठेवलं. थिजलं खरं, पण पांढरंफटक आणि मलमासारखं गुळगुळीत. रवा नावाला नाही. आजी रागावली नाही. वाटी उजेडाकडे तिरकी करून तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “रवा धरायला वेळच दिला नाहीस की गं.”

जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. कुणी जर्मल म्हणे, कुणी जर्मन. हलक्या पांढऱ्या भांड्यांना आमच्या आयाआज्यांनी दिलेला हा शब्द आता ऐकू येत नाही. ज्या पातेल्यात मी आयुष्यातला पहिला रवा पाहिला, ते पातेलंही रव्यांचंच बनलेलं आहे हे कळायला मला आणखी बारा वर्षं लागली.

धातुशास्त्राच्या पहिल्या वर्षाला सरांनी फळ्यावर एक वेडावाकडा बहुकोन काढला, त्याला चिकटून दुसरा, तिसरा, आणि सगळा फळा भरून टाकला. “धातू असा दिसतो,” ते म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर सकाळची तुपाची बरणी उभी राहिली. प्रयोगशाळेत आम्ही सगळे ‘ग्रेन’च म्हणतो, ‘ग्रेन साइझ’, ‘ग्रेन बाउंड्री’. पुस्तकात ‘स्फटिककण’ असा भारदस्त शब्द आहे. मी इथे रवाच म्हणणार आहे, कारण तो मला आधी जिभेने कळला.

आणि गोष्ट खरोखर तीच आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. निवायला लागलं की वितळलेल्या रसात जागोजागी घन धातूचे बारीक ठिपके धरतात आणि प्रत्येक ठिपका आपल्या भोवतालचे अणू ओळीने लावून घेत वाढत जातो. सावकाश निवलं तर ठिपके थोडे आणि रवे मोठे. झटकन निवलं तर ठिपके अनेक आणि रवे बारीक. तुपाला मोठा रवा हवा, धातूला बहुधा बारीक. म्हणून ओतकामात रस साच्यात सोडायच्या आधी त्यात टायटॅनियम आणि बोरॉन असलेल्या मिश्रधातूची कांडी विरघळवतात. दुधाला विरजण लावावं तसं. तिच्यातले सूक्ष्म कण रसभर पसरतात आणि त्यांच्या अंगावर हजारो ठिकाणी एकाच वेळी रवा धरतो.

एका रव्याच्या आत सगळे अणू शिस्तीत ओळीने उभे असतात. शेजारच्या रव्यातही तितकीच शिस्त, फक्त ओळींची दिशा वेगळी. पसरणीच्या घाटातून खाली वाईची शेतं पाहिली आहेत कुणी? पावसाआधी नांगरट झालेली असते. एका शेतातले तास पूर्व-पश्चिम, शेजारच्यातले तिरके, त्यापलीकडचे उभे. माती एकच, पण तासांची दिशा बदलली की लांबून रंग वेगळा दिसतो, आणि मध्ये बांध. मला अजूनही कुणी धातूचा रवा म्हणजे काय असं विचारलं की मी घाटातल्या त्या वळणावर त्याला मनाने घेऊन जाते. रवा म्हणजे शेत, त्यातल्या अणूंच्या ओळी म्हणजे तास, आणि दोन रव्यांमधली हद्द म्हणजे बांध.

काही धातूंत रवे नुसत्या डोळ्यांना दिसतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या जुन्या पत्र्याच्या बादलीवर जी पिसांसारखी, कुठे उजळ कुठे काळपट नक्षी असते, ते जस्ताचे रवे. जुन्या इमारतींच्या दारांना पितळी मुठी असतात. हजारो तळहातांच्या घामाने त्या इतकी वर्षं झिजतात की पितळेचे रवे आपोआप उघडे पडतात. मी अशी मूठ दिसली की थांबते, आणि माझ्याबरोबरचे लोक पुढे निघून जातात.

ॲल्युमिनियम मात्र सहजी काही दाखवत नाही. हवा लागताक्षणी त्याच्यावर ऑक्साइडचं पापुद्र्यासारखं कवच येतं, आणि खाली धातू इतका मऊ की त्याला कसंही घासा, घासणाऱ्याची खूण अंगावर घेतो. इथून माझं खरं शिक्षण सुरू झालं.

आमच्या प्रयोगशाळेत नमुने तयार करणारे एक काका होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, शर्टाच्या बाह्या कायम दुमडलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात नखाएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा दिला, एमरी पेपर दिले, ३२०, ६००, ८००, १२००, २०००, आकडा मोठा तितका पेपर बारीक, आणि म्हणाले, “आरसा कर.” मी दोन तासांत आरसा केला. माझा चेहरा स्पष्ट दिसत होता. मी अभिमानाने नेऊन दाखवला. त्यांनी तुकडा खिडकीशी नेला, मान तिरकी केली आणि परत दिला. “हा आरसा खोटा आहे, बाळ. ओरखडे गेले नाहीत, लिंपले गेलेत.”

ते काय म्हणतात ते मला तेव्हा कळलं नाही. मऊ धातू घासला की वरचा थर कापला जात नाही, तो ओल्या मातीसारखा पसरतो. खोल ओरखडा त्या पसरलेल्या मातीखाली गाडला जातो. वरून लखलखीत, खाली नांगर फिरलेला. काकांनी मग शिकवलं. प्रत्येक पेपरवर नमुना काटकोनात फिरवायचा, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे आडवे दिसतात. ते शेवटच्या एकापर्यंत गेले की तेवढाच वेळ आणखी घासायचं, कारण दिसणाऱ्या ओरखड्याखाली न दिसणारा दुखावलेला थर असतो. पाणी सतत वाहतं ठेवायचं. जोर नाही लावायचा. “अगं, भांडं घासतेस का? काच पुसतेस तशी पूस.” मऊ ॲल्युमिनियममध्ये पेपरचे कणही रुतून बसतात, मग ते पुढच्या टप्प्यात निघून येतात आणि सगळ्या मेहनतीवर एक लांब रेघ ओढतात. तसं झालं की परत ८०० पासून. मी त्या पहिल्या महिन्यात किती वेळा परत ८०० वर आले ते मोजलं नाही.

पेपरनंतर मखमलीच्या कापडावर हिऱ्याची पेस्ट, आधी तीन मायक्रॉनची, मग एक. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यानंतर सगळ्यात शेवटी सिलिकाचं दुधट द्रावण, ज्यातले कण एक मायक्रॉनच्या विसाव्या भागाएवढे असतात. हे द्रावण घासतं कमी आणि धातू हलकेच खातं जास्त. अर्धा तास, कधी तासभर. शेवटच्या मिनिटाला द्रावण बंद करून कापडावर नुसतं स्वच्छ पाणी सोडायचं. ते विसरलं तर सिलिका नमुन्यावर वाळते आणि कशाने निघत नाही. दुसरा रस्ता विजेने उजळण्याचा: परक्लोरिक आम्ल आणि अल्कोहोल, द्रावण शून्याखाली गार केलेलं, काही सेकंदांचा प्रवाह. त्यात धातूला हातच लागत नाही, म्हणून दुखावलेला थर उरत नाही. पण ते मिश्रण तापलं तर स्फोट होऊ शकतो, आणि काका त्या दिवशी मला एकटीला कधीच सोडत नसत. थर्मामीटरकडे बघत उभे राहायचे, हात मागे बांधून.

मग सूक्ष्मदर्शक. इलेक्ट्रॉनांचा. त्या खोलीत मी आयुष्यातले सगळ्यात शांत तास काढले आहेत. एसीची गारठा आणणारी हवा, पंपाची घरघर, पडद्याचा करडा उजेड. नमुना निर्वात पेटीत जातो आणि त्याला ७० अंशांत तिरका करतात, उतरत्या कौलासारखा. वीस हजार व्होल्टचा इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत त्याच्यावर एका ठिपक्यावर थांबतो. इलेक्ट्रॉन आत शिरतात, विखुरतात, आणि परत बाहेर पडताना अणूंच्या थरांवरून ठरावीक कोनांतच जोराने निघतात. समोर फॉस्फरचा, इलेक्ट्रॉन आपटले की उजळणारा, पडदा असतो. त्याच्यावर फिकट पट्टे उमटतात, एकमेकांना छेदणारे, आणि छेदतात तिथे उजळ चौक.

हे पट्टे पहिल्यांदा दिसले ते १९२८ साली जपानमध्ये. सेइशी किकुची यांनी अभ्रकाच्या पापुद्र्यातून इलेक्ट्रॉन पाठवले तेव्हा. त्यांचंच नाव त्या पट्ट्यांना पडलं. १९७३ साली इंग्लंडमध्ये व्हेनेबल्स आणि हार्लंड यांनी स्कॅनिंग सूक्ष्मदर्शकात परत फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांमधून ते मिळवले, आणि पुढे संगणक आले तेव्हा हे काम माणसाच्या हातून यंत्राकडे गेलं. किकुचींच्या पट्ट्यांतून त्या एका ठिपक्यावर अणूंचे तास कुठल्या दिशेला आहेत ते अचूक कळतं. झोत एक मायक्रॉन पुढे सरकतो, नवे पट्टे, नवी दिशा. पुन्हा पुढे. दिशेप्रमाणे संगणक रंग देतो. घनाची बाजू वर असेल तर लाल, घनाचा कोपरा वर असेल तर निळा, कड वर असेल तर हिरवा, मधल्यांना मधले. आणि पडद्यावर वरून खाली, ओळीओळीने, पसरणीच्या घाटातून दिसावीत तशी शेतं उलगडत जातात.

माझा पहिला नकाशा भरत होता तेव्हा मी खुर्चीत मागे टेकलेच नाही. दोन तास लागले त्याला. नीट आकाराचे रवे, गुलाबी, जांभळे, पोपटी. आणि एका मोठ्या रव्याच्या आत समांतर रेघांची एक सुंदर जाळी, शेजारच्या भागांत जेमतेम दोन-तीन अंशांचा फरक. पंधरा अंशांहून जास्त फरक असला तर आम्ही त्याला पक्का बांध मानतो, त्याहून कमी म्हणजे एकाच शेतातली पाणी वळवायला घातलेली कच्ची वरंबी. मी ती जाळी ओळखली. लाटलेल्या पत्र्यात अशी उपरचना होते हे मी वाचलं होतं. रात्रभर बसून चार पानं लिहिली: अमुक दिशेने ताण पडला असणार, तमुक थरावर घसरण झाली असणार. दुसऱ्या दिवशी काकांना नकाशा दाखवला. त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा अभ्यास कधी केलेला नव्हता. चष्मा कपाळावर नेऊन ते म्हणाले, “ही १२०० ची रेघ आहे. बघ, तू नमुना कसा धरतेस, अंगठा डावीकडे. सगळ्या त्याच तिरप्यात आहेत.”

तेच होतं. या पद्धतीत माहिती येते ती पृष्ठभागाखालच्या काही दहा नॅनोमीटरमधूनच. माझ्या ओरखड्याखाली अणूंच्या ओळी वाकलेल्या होत्या, यंत्राने त्या इमानाने वाचल्या, आणि मी माझ्याच अंगठ्याच्या दाबाला पत्र्याचा इतिहास समजून चार पानं लिहिली. ती पानं मी अजून ठेवली आहेत. त्या दिवसापासून कुठलाही नकाशा आला की माझा पहिला प्रश्न हाच असतो की यातलं धातूचं किती आणि माझ्या हाताचं किती.

पुढे नोकरीत असताना एका लहान कारखान्याचे मालक आले. पिशवीत दहा-बारा खोलगट झाकणं. सुमारे अडीच टक्के मॅग्नेशियम असलेल्या मिश्रधातूचा पत्रा, दोन टप्प्यांत दाबून बनवलेली. पहिल्या दाबानंतर भट्टीत तापवून मऊ करायचे आणि मग शेवटचा आकार. झाकणाचे कोपरे तुळतुळीत, आणि मधला जवळजवळ सपाट भाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत. “मॅडम, पत्राच फसवा आलाय,” ते म्हणाले. “कोपऱ्यात तर एवढा ताण पडतो, तिथं काही होत नाही. मधे आम्ही काहीच करत नाही, तिथंच खराब होतंय.” माल परत आला होता. त्यांच्या आवाजात राग कमी आणि घोर जास्त होता.

दोन्ही ठिकाणचे तुकडे कापले, उजळले, नकाशे काढले. कोपऱ्यात वीस-तीस मायक्रॉनचे बारीक, एकसारखे रवे. मधल्या भागात त्याच्या दहापट मोठे, पसरट. शेवटच्या दाबात प्रत्येक मोठा रवा आपल्या दिशेप्रमाणे कमी-जास्त ताणला गेला, एक उचलला, एक दबला, आणि पृष्ठभाग सालीसारखा झाला. बारीक रव्यांतही हेच होतं, पण तो उंचसखलपणा डोळ्याला आणि बोटाला कळण्याइतका नसतो.

पत्रा फसवा नव्हता. ‘मधे काहीच करत नाही’ हे फक्त खरं नव्हतं. मध्ये थोडंसं होत होतं, दोन-चार टक्क्यांचा ताण. आणि नेमका तेवढाच ताण घातक असतो. धातू भरपूर चेपून मग तापवला तर चेपलेल्या धातूच्या आत असंख्य ठिकाणी नवे, निर्मळ रवे धरतात आणि बारीक रचना मिळते. अजिबात न ताणता तापवला तर फारसं काही बदलत नाही. पण जरासाच ताणून तापवला, तर नवे रवे अगदी मोजक्या ठिकाणी धरतात, आणि त्या मोजक्यांना सगळं रान मोकळं मिळतं. एकेक रवा शेजाऱ्यांचे बांध फोडत पसरत जातो. तुपाचाच हिशेब: ठिपके थोडे, रवे मोठे. पहिल्या टप्प्याचा साचा बदलून मधल्या भागालाही नीट ताण द्यायचा आणि भट्टीचं तापमान उतरवायचं, असं आम्ही सुचवलं. त्यांनी केलं, आणि पुढच्या खेपेला पिशवीत पेढे होते.

मला त्या प्रकरणात राहून राहून आठवत होती ती धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स एलम. ज्या गोष्टीने या गृहस्थांची झोप उडवली होती, तीच गोष्ट एलमबाईंनी शंभर वर्षांपूर्वी मुद्दाम घडवून आणली होती. लंडनमध्ये कार्पेंटर यांच्याबरोबर काम करताना १९२१ साली त्यांनी दाखवलं की ॲल्युमिनियमची पट्टी जेमतेम दीड-दोन टक्के ताणायची आणि मग फार सावकाश तापवत न्यायची; एखादाच रवा सगळ्यांना गिळत जातो आणि अख्खी पट्टी एकाच रव्याची होते. बांध नसलेलं एकच शेत. हे स्फटिक मग केंब्रिजच्या जी. आय. टेलर यांनी आणि एलमबाईंनी मिळून ताणून पाहिले, १९२३ मध्ये त्यावर लिहिलं, आणि धातू वाकतो म्हणजे आत नेमकं काय सरकतं हे पहिल्यांदा आकड्यांत मांडता आलं. याच बाई पुढे लग्नानंतर कॉन्स्टन्स टिपर झाल्या आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बांधलेली लिबर्टी मालवाहू जहाजं थंड समुद्रात का दुभंगतात याचा उलगडा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता: गारठ्यात ते पोलाद ठिसूळ होत होतं. त्यांचं नाव आमच्या वर्गात कधी निघालं नाही. निघायला हवं होतं.

टेलर यांना एक कोडं सुटत नव्हतं. अणूंचे थर एकावर एक इतके घट्ट बसलेले असताना धातू हिशेबाच्या कितीतरी कमी जोराला वाकतो कसा? १९३४ मध्ये त्यांनी, आणि त्याच वर्षी वेगवेगळे ओरोवान आणि पोलॅन्यी यांनीही, उत्तर दिलं की ओळींत खोट असते. उसाच्या शेतात एखादी सरी मध्येच संपते, शेजारच्या दोन सऱ्या जवळ येऊन ती जागा भरून काढतात, तशी अणूंची एखादी ओळ मध्येच संपलेली असते. सगळा थर एकदम ढकलावा लागत नाही, ती खोट तेवढी एकेक पाऊल सरकते. प्रयोगशाळेत तिला डिसलोकेशन म्हणतात. अशा खोटी सरकत सरकत बांधाशी येतात आणि अडतात. म्हणून रवे जितके बारीक तितके बांध जास्त आणि धातू तितका दणकट. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हॉल आणि पेच यांनी पोलादात हे मोजलं. खोटी एकाखाली एक रांगेत थांबल्या तर तासांची दिशा थोडी वळते, आणि तीच माझ्या नकाशातली दोन-तीन अंशांची कच्ची वरंबी.

बावीस वर्षं त्या खोटी कागदावरच होत्या. १९५६ मध्ये केंब्रिजला हर्श, हॉर्न आणि व्हेलन यांनी ॲल्युमिनियम मिठाईवरच्या वर्खासारखं ठोकून, आम्लात आणखी पातळ करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, आणि पडद्यावर काळ्या रेघा हलताना दिसल्या. त्या सरकत होत्या. ते चित्र मी अनेकदा पाहिलं आहे, आणि दर वेळी मला वाटतं, त्या खोलीत पहिल्यांदा कोण बोललं असेल?

मिश्रधातूत बांधांखेरीज आणखी एक अडसर असतो आणि तो सापडला आरामामुळे. बर्लिनजवळ आल्फ्रेड विल्म तांबं आणि मॅग्नेशियम घातलेलं ॲल्युमिनियम तापवून पाण्यात बुडवत आणि कठीणपणा मोजत. १९०६ साली असाच एक नमुना त्यांनी ठेवून दिला आणि काही दिवसांनी पुन्हा मोजला, तर तो आपोआप कठीण झालेला. त्यातून ड्युरालुमिन हा दणकट मिश्रधातू आला, आणि त्यातून विमानांचे सांगाडे. पण का, ते विल्मना दिसणं शक्य नव्हतं. तांब्याचे अणू रव्याच्या आत हळूहळू एकत्र येऊन अणुभर जाडीच्या चकत्या होतात हे १९३८ मध्ये फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी क्ष-किरणांनी, एकमेकांना न विचारता, शोधलं. मी ही गोष्ट आजीला सांगितली होती. ती म्हणाली, “मग मी काय वेगळं सांगत होते?”

आजी गेली त्याला आता सहा वर्षं झाली. वाईचं घर आवरताना माळ्यावर ते पातेलं सापडलं. त्याचा तळ पोचे पडून बाहेर आलेला, ओट्यावर ठेवलं तर डुगडुगणारा. मला तो दिवस आठवतो. मी तिसरीत होते, कृष्णामाईचा उत्सव होता. आजीने पातेल्यात पाणी तापत ठेवलं आणि आरतीला घाटावर गेली, मलाही घेऊन. परत आलो तेव्हा घरात तापल्या धातूचा वास आणि पातेलं कोरडं ठक्क. तेव्हापासून तळ मऊ पडला. जरा आपटलं की पोचा. आजी म्हणायची, “त्या दिवशी याचा जीव गेला,” पण टाकलं नाही. तूप त्यातच कढायचं.

मी आईला विचारलं, यातला तुकडा कापू का. “काप की,” आई म्हणाली, “नाहीतरी मोडीतच जायचं.” एक तुकडा काठाचा घेतला, एक तळाचा. भिंतीची जाडी आडवी दिसेल असे बसवले आणि कडेचा भाग घासताना गोल होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना पट्ट्या दाबून धरल्या. काका आता नाहीत. नमुना काटकोनात फिरवताना अंगठा डावीकडेच जातो, तो मी आता लक्ष ठेवून सैल धरते.

काठाचा नकाशा आला तो चेपलेल्या धातूचा. लांबट, दबलेले रवे, आत कच्च्या वरंब्यांची दाट जाळी. पातेल्याला आकार देताना पत्र्याने सोसलेलं सगळं तसंच होतं, काठापर्यंत तेवढी आच पोचलेली नव्हती. तळाचा नकाशा अगदी वेगळा. मोठे, स्वच्छ रवे, आत एकही रेघ नाही, ठिकठिकाणी लाल. कोरडं पडल्यावर काही मिनिटांत जुनी शेतं पुसून नवी धरली होती. उत्सवातली ती संध्याकाळ पडद्यावर होती.

फक्त बाहेरच्या कडेला, मोठ्या रव्यांच्या वर, काही मायक्रॉनचा एक थर वेडावाकडा होता. रंग फिसकटलेले, काही ठिपक्यांवर यंत्राला दिशाच सापडत नव्हती. मी मनाशी म्हटलं, माझ्या हाताचं. नमुना काढला, परत ८०० पासून सुरुवात केली, सिलिकावर तासभर ठेवला, पाणी सोडलं. पुन्हा नकाशा. थर तिथेच. तिसऱ्यांदा विजेने उजळला, शून्याखाली पंधरा अंशांवर, हात मागे बांधून थर्मामीटरकडे बघत. झोताचं पाऊल एक दशांश मायक्रॉनवर आणलं आणि फक्त कड पाहिली. माझा ओरखडा असता तर नमुनाभर असता, आणि विजेच्या उजळणीत गेला असता. आतले रवे निर्मळ होते. थर फक्त कडेला होता, पत्र्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे माझा हात कधी लागलाच नव्हता.

आजी पातेलं राखेने घासायची. नारळाची शेंडी, चुलीची चाळलेली राख, पुढे ती मिळेनाशी झाली तेव्हा बारीक वाळू. गोल गोल, तळाकडून काठाकडे, रोज.

मी त्या कडेचा नकाशा आणखी बारीक करायला लावला आणि खुर्चीत बसून राहिले. तो भरायला रात्रीचे अकरा वाजले.